देवडीवरील अनेक पहारेकरी

मोठ्या कार्यालयाचे संगणक-जाळे बाहेरच्या जगाला जेथे मिळते, तेथे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक संदेशाची तपासणी करणारे एक यंत्र बसविलेले असते. त्यास फायरवॉल म्हणतात. किल्ल्याच्या महाद्वारावरील देवडीचेच काम ते करते. रहदारी वाढली म्हणजे एक पहारेकरी अपुरा पडतो. मग एकाच चौकटीत तपासणीची अनेक कार्डे बसवितात आणि तिला जोडणाऱ्या ताराही वाढवितात. परंतु पहारेकरी वाढविणे सोपे. त्यांच्यात काम वाटून देणे अवघड.

प्रथम तारांचा विचार करावा. अनेक तारांचे जुडगे बांधून ते एकच तार म्हणून वापरण्याची सर्वमान्य पद्धत २००० साली ८०२.३एडी या मानकाने निश्चित झाली. तार शाबूत असल्याची ग्वाही दोन्ही टोकांची यंत्रे एकमेकांस देत राहतात. जलद पद्धतीत ती दर सेकंदाला दिली जाते. तीन सेकंद ती मिळाली नाही, तर तेवढी तार वगळून उरलेल्या तारांवर काम चालू राहते.

येथे एक गैरसमज संभवतो. दहा गिगाबिटांच्या चार तारा जोडल्या, तरी एका संभाषणाला चाळीस गिगाबिटांचा वेग मिळत नाही. एकाच पत्राची पाने निरनिराळ्या वाटांनी धाडली, तर ती मागेपुढे पोहोचतील. म्हणून एक संभाषण एकाच तारेवरून जाते. लाभ होतो तो अनेक संभाषणे एकाच वेळी चालतात तेव्हा.

आता कार्डांकडे वळावे. फायरवॉल प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते. आतून प्रश्न गेला असेल, तरच बाहेरचे उत्तर आत येऊ शकते. प्रश्न पहिल्या कार्डाने पाहिला आणि उत्तर तिसऱ्याकडे गेले, तर तिसऱ्याला ते अनोळखी वाटते व ते परतवून लावले जाते. चालू असलेला व्यवहार अर्ध्यावर तुटतो. प्रत्येक पहारेकरी आपापल्या जागी चोख असतो. चूक असते ती वाटणीत.

यावर एक साधा उपाय आहे. पाठविणारा व घेणारा यांच्या क्रमांकांची बेरीज करावी, तिला चारांनी भागावे आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाचे कार्ड निवडावे. प्रत्यक्षातील गणित अधिक गुंतागुंतीचे असते. तत्त्व मात्र हेच. बेरजेत क्रम उलटला तरी फरक पडत नाही, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर एकाच कार्डाकडे जातात.

परंतु पुष्कळदा फायरवॉल आतल्या संगणकाचा पत्ता झाकून बाहेर स्वतःचा पत्ता लिहिते. मग उत्तराची बेरीज बदलते. शिवाय एक कार्ड बंद पडून भाजक चाराचा तीन झाला, तर शून्य ते अकरा या बारा बेरजांपैकी केवळ तिघींचेच कार्ड कायम राहते; सुस्थितीतील कार्डांवरची संभाषणेही विनाकारण हलतात.

म्हणून अशा चौकटींत वाटपाचे काम करणारा भाग केवळ गणितावर विसंबत नाही. कोणते संभाषण कोणत्या कार्डाकडे सोपविले आहे, याची वही तो स्वतः ठेवतो. नव्या संभाषणाला ज्याच्यावर भार कमी त्या कार्डाकडे धाडतो, जुन्याला त्याच्या ओळखीच्या कार्डाकडेच नेतो. कार्ड बंद पडले, तर त्याच्याकडील संभाषणांचीच फेरवाटणी होते.

भाराची समान वाटणी हा गुण खराच. पण ज्याने आरंभ पाहिला त्याच्याच हाती अखेरपर्यंत काम ठेवणे, ही देवडीची पहिली गरज असते.