लिंकलेटरांचा थोरला

आर्ट लिंकलेटर म्हणजे अमेरिकी रेडिओ-टीव्हीवरचं बडं प्रस्थ. शाळकरी पोरांना समोर बसवून एखादा साधासा प्रश्न टाकायचे, आणि पोरं घरातली गुपितं बिनदिक्कत फोडायची. त्यांची ‘हाऊस पार्टी’ रेडिओ आणि टीव्ही मिळून 1945 ते 1969 चालली. या बापाच्या थोरल्या मुलाने, जॅकने, माईक हाती धरला नसता तरच नवल!

ज्या आडनावाचा एवढा दबदबा, ते मात्र आर्टना दत्तक म्हणून मिळालेलं. जन्म कॅनडातल्या मूस जॉचा, मूळचे ते केली. एका धर्मोपदेशकाने सांभाळलं म्हणून लिंकलेटर झाले. घराण्याची गादी म्हणावी, तर ती जेमतेम एका पिढीची.

1958 मध्ये, एकविशीही पुरी झाली नव्हती तेव्हा, जॅक एनबीसीवर ‘हॅगिस बॅगिस’ खेळवू लागला. चौकोन उघडत न्यायचे आणि मागे दडलेली नामवंत व्यक्ती ओळखायची. (असलं नाव न अडखळता घ्यायचं, हीच खरी परीक्षा.) पाठोपाठ ‘ऑन द गो’. बाप स्टुडिओत रमला, तर लेक माईक घेऊन गावभर.

पण जॅक लक्षात राहतो तो एबीसीच्या ‘हूटेनॅनी’मुळे. एप्रिल 1963 पासून कॉलेजा-कॉलेजांत जाऊन लोकसंगीताच्या मैफली चित्रित व्हायच्या. श्रोते अर्थातच विद्यार्थी. आणि गंमत बघा, असल्या मैफली ज्याने लोकप्रिय केल्या, त्या लोकगायक पीट सीगरलाच इथे मज्जाव! डाव्या विचारांचा म्हणून त्याचं नाव काळ्या यादीत. वाहिनीने त्याच्याकडे देशनिष्ठेचं प्रतिज्ञापत्र मागितलं. त्याने साफ नकार दिला. या मज्जावामुळे लोकगायिका जोन बाएझही फिरकली नाही. कार्यक्रमात कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही, याचीच चर्चा जास्त. पुढे बीटल्सचं वादळ आलं आणि सप्टेंबर 1964 मध्ये कार्यक्रमाने गाशा गुंडाळला.

1978 मध्ये एनबीसीच्या ‘अमेरिका अलाइव्ह!’वर जॅक पुन्हा दिसला, पण तेही काही महिनेच. 18 डिसेंबर 2007 रोजी, सत्तराव्या वर्षी जॅक गेला. तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे, हयात.

‘हूटेनॅनी’चं थोडंच चित्रण आज शिल्लक आहे. त्यात जॉनी कॅश गातो, वुडी ॲलन हसवतो, आणि या मंडळींना प्रेक्षकांसमोर आणणारा जॅक असतो जेमतेम पंचविशीचा.