जपानचे दरबारी संगीत ‘गागाकू’ : तेराशे वर्षांचा वारसा आणि बोरूची पत्ती

जपानच्या सम्राटांच्या दरबारात तेराशे वर्षांपासून जपले गेलेले ‘गागाकू’ हे संगीत जगातील अत्यंत प्राचीन अशा वाद्यवृंद परंपरांपैकी एक मानले जाते. गागाकू या शब्दाचा अर्थ ‘अभिजात संगीत’ असा होतो. २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश केला.

चीन, कोरिया आणि आग्नेय आशियातून आलेल्या संगीताचा जपानमधील मूळ पूजागीतांशी संगम होऊन ही परंपरा घडली. इ. स. ७०१ च्या कायद्यान्वये दरबारात स्वतंत्र संगीत विभाग स्थापन झाला. या इतिहासात भारतालाही स्थान आहे. ७३६ मध्ये जपानला पोहोचलेले भारतीय भिक्षू बोधिसेन यांच्या हस्ते ७५२ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला. त्या सोहळ्यात अनेक देशांचे संगीत व नृत्य सादर झाले होते. पंख लावलेली चार मुले झांजा वाजवीत करतात ते ‘कार्योबिन’ नृत्य बोधिसेन यांच्याशी जोडले जाते. त्याचे नाव ‘कलविंक’ या संस्कृत पक्षिनामावरून आले आहे.

गागाकूच्या वृंदाला संचालक नसतो. ‘काक्को’ या लहान ढोलाचा वादक लय सांभाळतो. सतरा नळ्यांचे ‘शो’ हे वाद्य स्वरसमूहांचे अखंड वलय निर्माण करते, तर शहनाईप्रमाणे दुहेरी पत्ती असलेले ‘हिचिरिकी’ मुख्य सुरावट वाजविते. श्वासातील दमटपणा साचू नये म्हणून शोवादक आपले वाद्य निखाऱ्यांवर किंवा विजेच्या शेगडीवर फिरवून ऊबदार ठेवतात. रचना संथपणे सुरू होते आणि हळूहळू गती घेते. प्रथमच ऐकणाऱ्याला ती निश्चल भासते. मात्र सुरांमधील विराम हाही तिचा अविभाज्य भाग आहे.

हे संगीत केवळ ऐकण्यासाठी नाही. दरवर्षी डिसेंबरमध्ये टोकियोच्या राजप्रासादातील देवस्थानासमोर रात्री ‘मिकागुरा’ हा विधी होतो. देवांना उद्देशून होणारे हे गायन-वादन जनतेसाठी खुले नसते.

पंधराव्या शतकातील ओनिन युद्धात क्योतो उद्ध्वस्त झाले व दरबारी वादक विखुरले. तरीही वादकांच्या घराण्यांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या पुढे नेली. १८७० मध्ये क्योतो, नारा व ओसाका येथील वादकांना टोकियोत एकत्र आणण्यात आले. राजघराण्याच्या संगीत विभागातील आजचे वादक पाश्चात्त्य संगीतही शिकतात आणि राजकीय मेजवान्यांत ते वाजवितात.

आज मात्र या परंपरेपुढील प्रश्न एका गवताचा आहे. हिचिरिकीच्या पत्तीसाठी ओसाका प्रांतातील योदो नदीकाठच्या उदोनो येथील बोरू सर्वोत्तम मानला जातो. तेथे हिवाळ्याअखेर वाळलेला बोरू जाळण्याची प्रथा आहे; त्यामुळे वेलींची वाढ रोखली जाते. सलग दोन वर्षे हे दहन न झाल्याने २०२१ मध्ये वेली माजल्या आणि वाद्यासाठी योग्य बोरूचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर वादक व स्वयंसेवकांनी वेली उपटण्याचे काम हाती घेतले, तर २०२२ मध्ये दहन पुन्हा सुरू झाले. युद्धे आणि सत्तांतरे पचविलेले दरबाराचे हे सूर आता नदीकाठच्या त्या बोरूवर अवलंबून आहेत.