तेच ते पुन्हा का?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलमध्ये एखादा तरुण ‘शहाड, आंबिवली, टिटवाळा’ असं सारखं पुटपुटत, डोळ्यांपुढे बोटं हलवत बसलेला दिसतो. शेजारचे सरकून बसतात. तो स्वमग्न (ऑटिस्टिक) असू शकतो आणि ही पुनरावृत्ती त्याच्या उपयोगाची असते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ स्वमग्न मुलांचं वर्णन केलं, त्यातही ‘सगळं जसंच्या तसं’ राहावं हा आग्रह ठळक होता.

अनेक स्वमग्न व्यक्तींना आवाज, प्रकाश, स्पर्श फार तीव्र जाणवतात. अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीला उसळणारी गर्दी आठवा: ढोल, रेटारेटी, पुकारे. अशा वेळी झुलणं किंवा एकच शब्द घोळवणं मनाला थारा देतं. कधी ते निव्वळ आनंदाचंही असतं, हे आपण विसरतो. ‘हात खाली ठेव’ म्हणून दटावलं, तर ताण आत साचतो आणि माणूस थकून जातो.

डोकं आपटणं, हात चावणं मात्र थांबवायला हवं. आधी दात-कान दुखतो आहे का ते पाहावं, मग डॉक्टरांचा किंवा थेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ताण मुळातच कमी व्हावा म्हणून देवदर्शनाला गर्दी नसलेला दिवस निवडावा. गाडी उशिरा आहे, फलाट बदलला, हे त्या व्यक्तीला वेळीच सांगावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. सहप्रवाशांनो, टक लावून पाहू नका, अशा तरुणाला त्याची जागा द्या.