आसवांतील धायटी व औषधें टिकविण्याची जुनी रीत

वैद्यकाच्या जुन्या बाडांत आसव-अरिष्टांचे पाठ वारंवार आढळतात. त्यांतील धायटीच्या फुलांचा (सं. धातकी) उल्लेख इतर द्रव्यांपैकीं एक म्हणून वाचक सोडून देतो. परंतु औषध न सडतां टिकावें या योजनेचा आरंभ याच फुलापासून होतो, असें आमचें मत आहे.

शार्ङ्गधरसंहिता इ. स. च्या १४ व्या शतकाच्या सुमाराची मानितात. तिच्या मतें कच्चीं द्रव्यें पाण्यांत घालून केलें तें आसव व काढ्यापासून केलें तें अरिष्ट. मान सांगितलें नसेल तेथें एक द्रोण द्रवास एक तुळा, म्हणजे १०० पळें गूळ, ५० पळें मध व १० पळें प्रक्षेप घ्यावा, असा तिचा नियम आहे. दशमूलारिष्टाचा पाठ मात्र मानासह दिलेला आहे. त्यांत जायफळ, लवंग इत्यादि द्रव्यें प्रत्येकीं २ पळें, तर धायटी ३० पळें! केवळ गुणासाठीं वा सुगंधासाठीं एवढें फूल कोणी घालीत नाहीं.

याचें कारण आतां कळलें आहे. धायटीच्या फुलांत मध व तुरट कषायद्रव्य दोन्हीं असतात आणि त्यांवर किण्वजंतु वसतात. ते गुळाचा मद्यार्क बनवितात. तयार आसवांत तो बहुधा शेंकडा ५ ते १० असतो. मद्यार्क, आम्लता व फुलांचा तुरटपणा मिळून सडविणाऱ्या जंतूंस आवरतात. भांडें तुपानें माखावें, तोंड शरावानें झांकून सांधा लिंपावा, पक्ष किंवा मास ठेवावें, हा विधीही निरर्थक नाहीं. हवा शिरत राहिली तर मद्यार्क आंबून शुक्त होतें.

त्याच ग्रंथांत चूर्णाचें वीर्य २ महिन्यांनीं व गुटी-लेहांचें १ वर्षानें उणावतें, आसवें मात्र जुनीं तितकीं गुणी, असें सांगितलें आहे. घृत-तैलांच्या मुदतीविषयीं अर्थभेद आहे: कोणी ४ महिने घेतात, कोणी वर्षावर ४ म्हणजे १६ महिने. वैद्यांच्या टिपणांत तेल केल्याची व संपल्याची मिति मिळाल्यास या वादांत व्यवहाराचा पुरावा हातीं येईल.

प्रसाधनाच्या तेलांसही हाच विचार लागू पडतो. तिळाच्या तेलांत खवटपणास विरोध करणारीं द्रव्यें स्वभावतःच असतात. अभ्यंगाच्या व केसांच्या तेलांस तिळतेलाचा आधार सोयीचा होण्याचें हें एक कारण होय. सुगंधशास्त्राचे पाठ मराठींतही उतरले होते, हें कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं उजेडांत आणलेल्या ‘गंधवादा’च्या मराठी टीकेवरून सिद्धच आहे.

सबब संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, असलीं बाडें सूचींत ‘वैद्यक, फुटकळ’ एवढ्यावर संपवूं नयेत. फुलांचें मान, भांड्याचा संस्कार, ठेवण्याचे दिवस आणि समासांतील मित्या जशाच्या तशा उतरून घ्याव्या. द्रव्यांचीं नांवें मुद्रित ग्रंथांतून पुन्हां मिळतील; पण अमुक वैद्यानें अमुक सालीं औषध किती दिवस वापरलें, हें त्या एका पानावरच असतें. तें पान कसरीनें खाल्लें, तर तें ज्ञान कायमचें गेलें.