कोणता प्रोसेसर कमी वीज खातो?

शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले की इंटेल बरा की एएमडी, हा वाद शिक्षकखोलीत हमखास रंगतो. ‘हा ६५ वॅटचा, तो १०५ वॅटचा, म्हणजे पहिलाच काटकसरी’ असा निकालही लागतो. तो कितपत खरा, हे आपण तपासून पाहू.

माहितीपत्रकातील या आकड्याला टीडीपी म्हणतात. प्रोसेसरची उष्णता वाहून नेण्यास पंखा केवढा हवा, हे त्यावरून ठरते. दोन्ही कंपन्या तो एकाच पद्धतीने काढत नाहीत. शिवाय भर कामात प्रोसेसर या आकड्याच्या वर जाऊ शकतो आणि रिकामा असताना बराच खाली येतो.

प्रोसेसरमधील असंख्य सूक्ष्म कळांची उघडझाप होताना वीज खर्च होते. हा खर्च उघडझापीच्या वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले. १९९४ मध्ये आलेले पेंटियम ३.३ व्होल्टवर. बाकी सारे तेच धरले, तरी खर्च (३.३ ÷ ५)² म्हणजे सुमारे ०.४४ पट होतो.

आता एक उदाहरण घेऊ. ‘अ’ संगणक १२० वॅट घेऊन एक काम १० मिनिटांत करतो. ‘ब’ ८० वॅट घेऊन तेच काम १८ मिनिटांत करतो. ‘अ’चा खर्च २० वॅट-तास, ‘ब’चा २४. येथे जास्त वॅटचा ‘अ’ जिंकला! पण तास संपेपर्यंत दोन्ही नुसते चालू राहिले आणि तेव्हा ‘अ’ ६० व ‘ब’ ३० वॅट घेत असेल, तर एकूण खर्च अनुक्रमे ७० आणि ४५ वॅट-तास होतो. निकाल फिरला! शाळेतील संगणक बराच वेळ रिकामे असतात, म्हणून हा दुसरा हिशेब महत्त्वाचा.

हे मोजायला महागडे उपकरण नको. मीटरवर ‘३२०० इम्पल्स प्रति युनिट’ असे लिहिलेले असल्यास दिव्याची एक लुकलुक म्हणजे ०.३१२५ वॅट-तास. त्या मीटरवरील इतर सर्व उपकरणे बंद करावीत, दोन्ही संगणकांना एकच पडदा जोडावा आणि काम करताना व रिकामे असताना १०-१० मिनिटे लुकलुक मोजावी. ६४ भरली तर २० वॅट-तास. हा खर्च पूर्ण संगणकाचा असतो, पण बिल तरी त्याचेच येते.

वरील उदाहरणात तासाला २५ वॅट-तास वाचले. २० संगणक, रोज ५ तास, वर्षाला २०० दिवस, म्हणजे ५०० युनिट. नाशिकजवळ एकलहरे येथे कोळशावर वीज तयार होते. अशा केंद्रात एका युनिटला अर्ध्या किलोहून अधिक कोळसा लागतो. ५०० युनिटांचा हिशेब विद्यार्थ्यांनी करावा, आणि आपल्या प्रयोगशाळेचाही.