वाळूतली काठी

गोल्फ म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर हिरवंगार कुरण येतं आणि त्यावर निवृत्त सेनाधिकारी. वाळू कोणाच्या ध्यानात येत नाही. खेळणाऱ्याला मात्र तीच स्वप्नात येते. मैदानात मुद्दाम खणून ठेवलेल्या त्या वाळूच्या खड्ड्याला बंकर म्हणतात. चेंडू त्यात पडला की बाहेर काढायला खास काठी असते, तिचं नाव सॅण्ड वेज.

आमचे मेहुणे मुलुंडला राहतात. वहिनी गेल्यानंतर दीड वर्ष हा माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसून होता. मग एका जुन्या सहकाऱ्याने त्यांना ओढून चेंबूरला नेलं, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांना गोल्फचा नाद लागला. उजवा खांदा आखडलेला, वजन जेमतेम अठ्ठावन्न किलो. डॉक्टर म्हणाले, ‘खेळा, पण खांद्याला जपून.’ म्हणून त्यांच्या लोखंडी पात्याच्या काठ्यांना हलका ग्राफाइटचा दांडा बसवलेला. सॅण्ड वेज मात्र त्यांनी दुकानात मांडलेली तशीच उचलून आणली. दोन आठवड्यांत खांदा पुन्हा धरला, आणि खुर्ची पुन्हा गॅलरीत गेली.

मी बॅंकेत आयुष्यभर बारीक अक्षर वाचलं, म्हणून बारीक अक्षर वाचायला घरात मलाच बोलावतात. काठीच्या दांड्यावर छापलेलं वजन होतं १२५ ग्रॅम. त्यांच्या इतर काठ्यांचे दांडे होते ७५ ग्रॅमचे. पन्नास ग्रॅम म्हणजे किती? मूठभर शेंगदाणे. पण हे शेंगदाणे दिवसातून दीडशे वेळा खांद्यावरून फिरवायचे असतील तर हिशेब वेगळा होतो.

ही काठी मुळात जड का, याची कथा मोठी गमतीची आहे. जीन साराझेन हा अमेरिकन खेळाडू बंकरला वैतागलेला होता. त्याने पुढे सांगितलं त्याप्रमाणे, हॉवर्ड ह्यूजेसबरोबर विमानात बसला असता, शेपटीकडची पट्टी हलली की विमानाचं नाक वर उचललं जातं हे त्याच्या लक्षात आलं. घरी येऊन त्याने काठीच्या पात्याच्या पाठीला डाग देऊन जादा धातू चढवला. पातं वाळूत रुतण्याऐवजी त्या फुगीर पाठीवर घसरू लागलं. १९३२ साली इंग्लंडमध्ये प्रिन्सेसच्या मैदानावर त्याने ब्रिटिश ओपन जिंकली, ती ही काठी घेऊन. त्याच वर्षी त्याने अमेरिकन ओपनही मारली.

खरी गोम अशी की बंकरमध्ये काठी चेंडूला लागतच नाही. ती चेंडूच्या इंच-दोन इंच मागे वाळूत शिरते, आणि उडालेली वाळू चेंडूला बाहेर घेऊन येते. वाळूत अडकू नये म्हणून पातं जड हवं, साधारण ३०० ग्रॅम. पण पातं जड हवं याचा अर्थ दांडाही जड हवा असा नाही! दुकानातल्या तयार काठ्या पुष्कळदा तरण्याताठ्या, जोरकस हाताच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. जाणकार सांगतात, वेजचा दांडा आपल्या इतर काठ्यांच्या दांड्याच्या जवळपासच्या वजनाचा असावा. फार तर थोडा जड. म्हणजे हाताला एकच लय राहते. फार लवचिक दांडाही कामाचा नाही, कारण मग पातं वाळूत नेमकं कुठे उतरेल याचा भरवसा उरत नाही.

शिवाय काट्यावरचं वजन वेगळं आणि हाताला जाणवणारं वेगळं. हातोडी डोक्याशी धरा, हलकी वाटते. दांड्याच्या टोकाला धरा, जड होते. या जाणवण्याला गोल्फवाले स्विंगवेट म्हणतात आणि त्याला अक्षर-आकड्यांत मोजतात. पात्यावर २ ग्रॅम वाढले की एक पायरी वर, दांड्यातले ९ ग्रॅम कमी झाले की एक पायरी खाली, असा त्यांचा ढोबळ आडाखा. व्याजाच्या तक्त्यासारखाच प्रकार. मला तो लगेच पटला.

मेहुण्यांना मात्र तो तक्ता नव्हे, त्यांच्या कॅडीचं वाक्य पटलं. ‘साहेब, ही काठी तुम्ही नाही फिरवत, ती तुम्हाला फिरवते.’

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या कॅडी आले. दुसऱ्यांच्या पिशव्या खांद्यावर वाहून परतल्यावर त्यांतली पोरं गल्लीत स्वतःचा गोल्फ खेळत. बांधकामाची लोखंडी सळई टोकाशी वाकवायची, मुठीला रबरी नळीचा तुकडा चढवायचा, चेंडू प्लॅस्टिकचा. तोमाश गुडझोवाटी या पोलिश छायाचित्रकाराने या गल्लीतल्या गोल्फची छायाचित्रं काढली आणि ती जगभर पाहिली गेली. पाहणाऱ्यांना त्यात गरिबी दिसली असेल. मला दिसलं ते माप. विकत आणलेल्या काठीला माणूस आपला हात जुळवून घेतो. सळई कापणारा पोरगा सळईलाच आपल्या उंचीला जुळवतो. जड झाली तर तो बोटभर कापतो, नाहीतर बारीक सळई शोधतो. मोठ्या शहरांत यंत्रांपुढे उभं करून हेच माप आता पैसे घेऊन काढतात.

हा कॅडीही लहानपणी तसाच खेळलेला. त्याच्या सांगण्यावरून मेहुण्यांनी जड दांडा काढवून ७५ ग्रॅमचा बसवून घेतला. त्यांना खर्च झोंबला, हे वेगळं सांगायला नको. आता काठी हलकी झाली खरी, पण पातं हाताला जाणवेनासं झालं. मग त्याने शिशाची चिकटपट्टी आणली आणि पात्याच्या पाठीवर दोन-दोन ग्रॅमचे तुकडे लावत गेला. साराझेनने डाग देऊन जे केलं, तेच हा नखाने दाबून करत होता. प्रत्येक तुकड्यानंतर मेहुण्यांनी बंकरमध्ये उतरायचं, तीन चेंडू मारायचे, आणि याने चेंडूकडे न पाहता त्यांच्या खांद्याकडे पाहायचं.

चौथ्या तुकड्यावर तो म्हणाला, ‘बस, साहेब.’ मग लगेच पुढचं : ‘जूनमध्ये वाळू ओली होऊन घट्ट बसेल. तेव्हा या काठीची फुगीर पाठ उसळी खाईल आणि पातं थेट चेंडूवर आदळेल. तेव्हा पातं फार उघडं ठेवू नका.’

मेहुण्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. वहिनी गेल्यापासून त्या डायरीत फक्त औषधांच्या वेळा होत्या.