शंभर मैल आणि एक बक्कल

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मीचा रेसकोर्स येतो, नाहीतर गावच्या यात्रेतला धुरळा. इकडे कोक्विटलामला राहायला आल्यावर मात्र एक तिसराच प्रकार कळला. फ्रेझर नदीचा पूल ओलांडून लँग्लीच्या कॅम्पबेल व्हॅली पार्कात गेलात, तर घोड्यांसाठी राखलेल्या वाटा दिसतील. असल्या रानवाटांवर एका दिवसात पन्नास, कधी शंभर मैलांची घोडदौड करायची, याला म्हणतात एन्ड्युरन्स राइड. ब्रिटिश कोलंबियात या खेळाची स्वतंत्र संघटनाच आहे.

यातली सर्वांत नावाजलेली राइड कॅलिफोर्नियातली, टेव्हिस कप. १९५५ साली वेन्डेल रोबी आणि त्यांच्या साथीदारांनी ती सुरू केली. लेक टाहोच्या बाजूने निघून, सिएरा नेवाडा ओलांडून, ऑबर्नपर्यंत शंभर मैल, तेही २४ तासांत! साधारण निम्मे स्वार मध्येच बाद होतात. आणि बक्षीस काय? पट्ट्याचं एक चांदीचं बक्कल. पहिल्यालाही तेच आणि शेवटच्यालाही तेच. रोख रक्कम शून्य.

अशी राइड भरवणं म्हणजे लग्नघरची धावपळ. वाटेवर फिती बांधायच्या, जागोजाग पाणी ठेवायचं, रात्रभर जागणारे स्वयंसेवक जमवायचे. पण खरा कारभार पशुवैद्यांचा. ठरावीक अंतरावर प्रत्येक घोड्याला थांबवतात. नाडी ठरलेल्या वेळात खाली यावी लागते, बहुधा मिनिटाला ६० ते ६४ ठोक्यांपर्यंत. मग कातडी चिमटीत धरून अंगातलं पाणी कमी झालं का ते बघतात, पोटाचे आवाज ऐकतात, चार पावलं दुडकवून लंगडतो का ते पाहतात. शेवटची रेघ ओलांडल्यावरही पुन्हा तपासणी. तिथे नापास, तर सगळी मेहनत पाण्यात.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या कष्टाला रोख बक्षीस ठेवलं तर बिघडलं कुठे? मुद्दा अगदीच चूक नाही. घोडा पाळणं, ट्रेलरने नेणं, प्रवेश फी, सगळंच महाग. बक्षीस असेल तर प्रायोजक येतील, लोक वाढतील.

पण आखाती देशांचा अनुभव पाहा. तिथे बक्षिसाला मोटारी लागल्या, घोडे बड्या तबेल्यांचे आणि स्वार पगारी. वाळवंटातल्या सपाट वाटांवर वेग वाढत गेला, घोड्यांचे पाय मोडू लागले. शेवटी जागतिक अश्वक्रीडा महासंघाने २०१५ साली संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला निलंबित केलं आणि २०२० साली पुन्हा एकदा. आपल्या इतिहासातले शिलेदार आणि बारगीर आठवा. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला की शिलेदाराची रोजीच बुडायची. तो जनावराला जपणारच.

म्हणून पैसाच वाईट, असं मात्र नाही. त्याच अमिरातीत, अबू धाबीजवळच्या बुधीब इथे वेगावर मर्यादा घातली, नाडीची अट ५६ ठोक्यांवर आणली आणि बक्षिसाचा भर घोड्याच्या तब्येतीवर ठेवला. आम्ही इंजिनियर मंडळी म्हणतो, जे मोजाल तेच वाढेल. वेग मोजून पैसे दिलेत तर वेग वाढेल, तब्येत मोजून दिलेत तर तब्येत सुधारेल. उत्तर अमेरिकेतल्या राइड्समध्येही पहिल्या दहांपैकी ज्याचा घोडा सर्वांत ताजातवाना, त्याला वेगळा मान असतोच. टेव्हिसला त्यासाठी हॅगिन कप आहे.

हे सगळं इथे सांगायचं कारण आपल्या गावाकडचं आहे. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. चाबूक, काठीला मनाई आहे, शर्यतीआधी तपासणीही आहे. पण बक्षिसं आता मोटारसायकल आणि ट्रॅक्टरवर गेली आहेत, आणि ती मिळतात फक्त सेकंदांवर. यात्रा कमिटीचा देणगीसाठी फोन परदेशातल्या गावकऱ्यालाही येतो. जरूर द्या! फक्त एक अट घाला: अर्धी रक्कम अशा जोडीला, जी शर्यतीनंतर तासाभराने पशुवैद्याच्या तपासणीत सर्वांत धडधाकट ठरेल. देणाऱ्याला एवढं विचारायचा हक्क आहे. बैलाला तो नाही.